न पडणारा वेग

मी कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, त्यावरून दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का बघायचं, पुन्हा उपटायचा, पुन्हा बसवायचा. मला हे काम आवडतं, कारण ते बसून करायचं असतं. हे आधीच सांगितलेलं बरं. लोकांना वाटतं, मला धावायची केवढी हौस! हौस कसली डोंबलाची.

हौस नवऱ्याची. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, अशा शर्यती तो लग्नाआधीपासून करायचा. मग एके दिवशी हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, चाला हवं तेवढं, पण धावायचं नाव काढू नका. घरी आला तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दाढी करेना, धड जेवेना, बोलेना. लेकीची आणि माझी पाचावर धारण बसली. शेवटी एका सकाळी, नुसतं अंथरुणातून उठवायचं म्हणून, मी म्हटलं, "चल, मला शिकव." उठला ना! दाढी करून, शिट्टी गळ्यात अडकवून दारात उभा. मी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

छोट्या शर्यती मी कशाबशा निभावल्या. पण त्याच्या डोक्यात लांबची शर्यत शिरली होती. दिवसभर पोहून आणि सायकल हाणून झाल्यावर वर आणखी अख्खी मॅरेथॉन. 

त्यातून नवऱ्याची ख्याती अशी की छोट्या शर्यतीवरून तो लांबच्या शर्यतीतल्या धावण्याचा अंदाज सांगतो. क्लबातले लोक आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसत, आपापले आकडे दाखवत. तो म्हणायचा, "नुसता गुणाकार करू नका. किती जोरात धावलात ते सोडा. सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर कसा गेला आणि शेवटचा कसा, ते सांगा. छोट्या शर्यतीत जो वेग थोडा पडतो, तो लांबच्या शर्यतीत धाडकन पडतो." आणि बहुतेक वेळा त्याचं खरं निघायचं. त्यामुळे त्याने सांगितलेली वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"आई, सरळ सांग ना बाबांना, मला नाही जमणार म्हणून," लेक म्हणाली.

"तू सांग."

"मी नाही बाई."

मग मी शक्कल काढली. पुढच्या छोट्या शर्यतीत मुद्दाम हळू धावायचं. अंदाज इतका वाईट निघेल की तोच म्हणेल, राहू दे. सायकलवरून उतरले आणि निवांत निघाले. वाटेत एक निवृत्त नर्सबाई भेटल्या. त्यांच्या सुनेच्या तक्रारी ऐकत ऐकत आम्ही दोघी जवळजवळ शेवटी पोचलो. इतकं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी येऊन तो आकडे घेऊन बसला. मी स्वयंपाकघरात चहा टाकला, चक्क गाणं गुणगुणत होते. तेवढ्यात तो दारात आला. चेहरा नुसता फुललेला.

"अगं, तुझा वेग पडतच नाही!"

"म्हणजे?"

"पहिला किलोमीटर आणि शेवटचा, जवळजवळ सारखे! असं मी कुणाचंच बघितलं नाही. तू छोट्या शर्यतीची बाईच नाहीस. तू लांबची आहेस!"

मी कपाळावर हात मारून घेतला. आता नर्सबाईंची सून संपत नव्हती, त्याला मी काय करणार? संध्याकाळपर्यंत त्याने माझं नाव नोंदवूनही टाकलं. लेक हसून हसून लोळत होती. मी नव्हते हसत.

पुढचं वर्ष विचारू नका. झोपायच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये सायकल स्टँडवर ठोकलेली. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला पलंग, आणि पलंगावर घड्याळ घेऊन बसलेला नवरा. उतरायचं तर त्याच्या अंगावरच उतरावं लागे. कामावर ठसे हातात घेतले की वाटायचं, इथेच कोंडून घ्यावं स्वतःला. घरी जाऊच नये. आणि घरी तो पोटभर जेवत होता, शीळ घालत होता, लेकीची चेष्टा करत होता. कुठल्या तोंडाने नको म्हणायचं?

शर्यतीच्या दिवशी पोहणं झालं, सायकल झाली. धावायला तलावाकाठचा रस्ता दोन्हीकडून कठडे लावून बंद केलेला, त्यातच चार फेऱ्या. वळणावर नवरा पाटी घेऊन उभा. पहिल्या फेरीला पाटीवर लिहिलेलं: बरोबर. दुसऱ्या फेरीलाही: बरोबर. त्याने सांगितलेल्या वेळेनेच मी धावत होते आणि त्याचाच मला संताप येत होता. वेळेत पोचले, तर पुढच्या वर्षी पुन्हा. मागे पडले, तर सराव कमी पडला म्हणून पुढच्या वर्षी पुन्हाच. तिसरी फेरी संपताना मी त्याच्यापुढे जाऊन थांबले.

"काय झालं? पोट? पिंडऱ्या?"

"मला हे नको आहे."

"तिसरी फेरी सगळ्यांनाच नकोशी होते. हे मिठाचं पाणी घे."

"फेरी नाही रे! हे सगळं नको आहे. पहिल्या दिवसापासून नको होतं. त्या शर्यतीत मी मुद्दाम हळू धावले, तू नाद सोडावास म्हणून. कळलं?"

मला वाटलं, तो कोसळेल. त्याने बाहीने पाटी पुसली.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शर्यतीत छातीला बांधतेस त्या पट्ट्यात तुझे ठोके नोंदले होते. बाजारात पिशवी घेऊन चालताना पडतात तेवढेच. मला त्याच संध्याकाळी कळलं."

"मग तो न पडणारा वेग?"

"खोटं बोललो. आजचा अंदाज तुझ्या आधीच्या शर्यतींवरून काढला."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. वर्षभर वाटतेय." त्याने पाटी खाली ठेवली. "पण तू थांबलीस तर मी सकाळी उठून काय करू? तू सांग. सांगशील ते करतो. मी खूप विचार केला गं, मला काही सुचत नाही."

एक कार्यकर्ती धावत आली. "बाई, ठीक आहात ना?" मी मान हलवली.

"आणि मी काय करू?" मी त्याला विचारलं.

सवयीने त्याची नजर घड्याळाकडे गेली. मी बघतेय हे कळताच त्याने हात पाठीमागे लपवला. मग अगदी हळू म्हणाला, "मागे पडते आहेस."

"पडू दे. खड्ड्यात गेला तुझा अंदाज!"

असं म्हणून मी तरातरा निघाले. बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं, मी कठड्याबाहेर पडलेच नव्हते. चौथ्या फेरीला लागले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, एकदा तोंडाने सांगितलं की सुटले. आता सांगून झालं होतं, त्याला तर ते आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी मी धावत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मागून तो ओरडला, "खांदे सैल सोड!"

मी सोडले.