झेंडूच्या वासाने स्वप्नात रमलेला चतुर

ओळखलंत का मला, मित्रांनो? मी एक जुना चतुर कीटक. बर्लिनमधल्या एका संग्रहालयाच्या खणात, टाचणीवर झोपा काढत असतो. जात माझी हाइन्स एमराल्ड, जन्म अमेरिकेतल्या दलदलीतला. झऱ्याच्या पाण्यात मी चार-पाच वर्षं अळी होतो. पाणी आटलं की कोळंबीच्या एका थोराड भावाच्या बिळात लपायचं. तोच कधी आम्हाला खायचा, पण ओल तिथेच असायची. मग पंख फुटले, डोळे पाचूसारखे हिरवे झाले. अहाहा, काय तो उन्हाळा! एकच मिळाला. कुणाच्या तरी जाळीत सापडलो, इथे आलो. डोळे तपकिरी पडले. पुढे ती दलदलही बुजवली म्हणे.

गेल्या वर्षी पुण्याची ईप्सिता इथे संशोधनाला आली. आमच्या दलदलीत पुन्हा पाणी आणलं होतं. तिथे दुसऱ्या राज्यातल्या अळ्या सोडायच्या, तर त्या आमच्याच वंशाच्या हव्यात. ते माझ्या पायातल्या डीएनएवरून कळणार होतं. तिथला मी एकटाच उरलो होतो.

खंडेनवमीला तिने सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू वाहिलं आणि लाडाने माझ्या खणातही एक झेंडू ठेवला. त्या वासाने मला कितीतरी दिवस उन्हाची स्वप्नं पडत होती. पण फुलात बसून एक इवलासा भुंगेरा आत शिरला होता. त्याच्या अळ्या मला कुरतडू लागल्या, आणि मी आपला स्वप्नातच!

माझ्याखाली भुसा दिसला तेव्हा ईप्सिता पांढरीफटक पडली. एकच पाय उरला होता. ताजी फुलं आणायची नाहीत, हा नियम तिला ठाऊक होता. पूजेचं फूल त्यात येतं, असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. संग्रह सांभाळणाऱ्या हाइकेबाईंकडे ती स्वतः गेली.

"फूल मीच ठेवलं होतं," ती म्हणाली.

हाइकेबाईंनी भिंगातून माझा उरलेला पाय पाहिला. "आल्झो, बरं तर," त्या म्हणाल्या, "आधी खण फ्रीझरमध्ये. मग तो पाय तूच काढ."

थंडीत माझ्यावरच्या अळ्या मेल्या. पाय मी आनंदाने दिला. उत्तर येईपर्यंत पोरगी धड जेवली नाही. आणि उत्तर आलं, आम्ही सगळे एकाच घरचे! उन्हाळ्यात तिकडे चतुराच्या अळ्या सोडल्या. ते ऐकून ईप्सिता माझ्यासमोर हुंदके देऊन रडली.

यंदा खंडेनवमीला तिने झेंडू बाहेरच, सायकलच्या हँडलला बांधला. माझ्यापाशी आली ती रिकाम्या हातांनी, आणि नुसताच नमस्कार करून गेली.

मित्रांनो, मला आता पाय नाहीत, डोळ्यांत रंग नाही. पण तिकडे एका बिळाच्या ओलीत कुणीतरी पंख फुटायची वाट बघतंय. आम्हाला फुलं नकोत. तेवढं पाणी आटू देऊ नका.