मागच्या चाकाची वीट

सकाळपासून तापाने फणफणलेली आमची चिमुकली लेक ठमी मागच्या सीटवर आता रडतही नव्हती. रडत होती तोवर मला धीर होता. डॉक्टरांनी लगेच घेऊन या म्हणून सांगितलेलं, नवरा परगावी, आणि गाडी चालू होईना.

गाडी नवी, बटणाची. नवऱ्याचा नियम असा, की बसल्याबरोबर ब्रेक चार-सहा वेळा दाबून बघायचा, मगच बटण. मी नियम पाळला. दिवे लागले, इंजिन गप्प. पुन्हा ब्रेक, पुन्हा बटण. दर खेपेला ब्रेक आणखी कडक होत गेला. शेवटी पायाखाली नुसता दगड.

आमची गाडी घराकडे तोंड करून चढावर उभी असते. हँडब्रेकवर सासूबाईंचा काडीचा विश्वास नाही, म्हणून मागच्या चाकाला त्या रोज वीट लावतात. गाडी आहे, म्हैस नव्हे बांधून ठेवायला, असं आम्ही चिडवायचो. आज मी वैतागून म्हटलं, ती वीट काढा आधी. जुनी गाडी अडली की आम्ही तिला उतारावर सोडून चालू करायचो, तेच डोक्यात. हँडब्रेक खाली केला.

गाडी मागे सरकली. इंजिन मेल्यासारखंच. ब्रेक दाबला, तो हलेना. मागे उघडं फाटक, पलीकडे ट्रकांचा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या माझ्यापेक्षा जवळ ठमी. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून मी जवळजवळ उभीच राहिले, हँडब्रेक होता नव्हता तेवढा ओढला. गाडी कण्हत थांबली. मागे चाकाशी खट्ट वाजलं. सासूबाई वीट घेऊन पोचल्या होत्या.

"पाय काढू नकोस," त्या म्हणाल्या. काढायला पाय माझे उरले होते कुठे.

गॅरेजवाल्या काकांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, इंजिन बंद असताना ब्रेक सारखा दाबला की त्याचा जोर सरतो, तो कडक होतो. आणि ब्रेक पुरता दाबल्याशिवाय ही गाडी चालूच होत नाही. म्हणजे आमच्या नियमानेच आम्हाला अडवलं होतं. आता क्लच दाबा, ब्रेकवर सगळा भार टाका, मग बटण, ते म्हणाले.

भार टाकला. इंजिन सुरू झालं आणि त्याच क्षणी ब्रेक पायाखालून खाली गेला.

"काका, ब्रेक गेला."

"गेला नाही ताई, आला. असाच मऊ हवा. फाटकाच्या आत दोनदा थांबवून बघा, मग निघा."

दोनदा थांबवली. दोन्ही वेळा थांबली. सासूबाई मागे ठमीजवळ येऊन बसल्या. आरशात बघत मी हळूच विचारलं, "आई, वीट?"

"घेतली," त्या म्हणाल्या. वीट त्यांच्या मांडीवर होती. "दवाखान्यापुढेही उतारच आहे."

ठमीने डोळे किलकिले केले आणि तापलेला तळहात त्या गार विटेवर ठेवला. मी गाडी हळूच फाटकाबाहेर काढली.