पिवळ्या बाटलीचं बूच

आमच्या प्रयोगशाळेत दोन वायू एकत्र जोडून रबर बनवायचा खटाटोप चालला होता. वायू आपणहून जोडले जात नाहीत, त्यासाठी उत्प्रेरक लागतो. आमचा उत्प्रेरक दोन द्रवांचा होता. त्यातला पिवळा द्रव फार नाजूक. हवेतली जराशी ओल लागली की त्यानं मान टाकलीच. म्हणून त्याची बाटली नायट्रोजन भरून, बूच घट्ट लावून ठेवायची.

चौदा आठवडे रबर झालं नाही. दर वेळी भांड्यातून मधासारखं चिकट काहीतरी निघायचं. आमच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, पंप बदलला, फिटरला झापलं, मला सगळी काचेची भांडी दोनदा वाळवायला लावली.

सर रोज सकाळी दहाला यायचे, पिवळ्या बाटलीचं बूच काढायचे आणि ती उजेडात धरून बघायचे. दुपारपर्यंत द्रव लालसर व्हायचा.

"रंग धरतोय," सर म्हणायचे.

"ताई, त्यांना तुम्ही सांगता की मी?" फिटरनं विचारलं.

"तुम्ही सांगा."

"माझी अजून सहा वर्षं नोकरी आहे."

मी दोनदा सांगायला गेले. दोन्ही वेळा सरांनी पंपाचा विषय काढला.

शेवटी सोमवारी मी नवी, न उघडलेली खरी बाटली कपाटात ठेवली आणि तिच्या जागी पिवळा रंग कालवलेलं पाणी ठेवलं. सरांनी बूच काढून पाहिलं.

"आज जरा फिका वाटतो."

ते गेल्यावर मी कपाटातल्या बाटलीतला द्रव भांड्यात सोडला. दुपारी भांड्यातला ढवळणारा पंखा अडकला. आत पांढरं रबर गच्च बसलं होतं, फिटरला ते सुरीनं कापून काढावं लागलं. सरांनी एक तुकडा ताणला, सोडला, पुन्हा ताणला. "पंप बदलल्याचा गुण आला," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

मला ते सहन झालं नाही. त्यांच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगून टाकलं.

सरांनी हातातला रबराचा तुकडा टेबलावर ठेवला.

"म्हणजे सकाळी मी पाणी बघत होतो?"

"हो सर."

"आणि फिका म्हणालो."

"हो."

त्यांनी चौदा आठवड्यांचा अहवाल मागवला आणि 'अपयशाचं कारण' या रकान्यात स्वतःच्या हातानं 'मी' असं लिहिलं. कार्यालयानं तो 'कारण स्पष्ट लिहावे' असा शेरा मारून परत पाठवला. सरांनी 'मी' खोडलं आणि हुद्द्यासकट पूर्ण नाव लिहिलं.