उजव्या पट्टीवरची काजं

मास्तरांनी शर्ट गठ्ठ्यातून ओढून काढला, दाराशी उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला आणि शेवटी स्वतःच्या अंगावर धरून आरशात पाहिला. आरशात पाहून घोटाळा आणखीच वाढला, तेव्हा तो पुन्हा टेबलावर पसरून त्यांनी पट्टी बोटांनी चाचपली. शंकेला जागाच नव्हती. काजं उजव्या पट्टीवर होती.

पुरुषाच्या शर्टाला काज डावीकडे आणि बटण उजवीकडे; बायकांच्या कपड्याला याच्या बरोबर उलट. शिवणकामात पडलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगतात, पुन्हा कधी सांगावं लागत नाही. आणि ज्या बाईंनी ही काजं केली होती, त्यांनी तर उभ्या जन्मात दुसरं काही केलंच नव्हतं. मास्तरांनी शर्ट कापायचे, शिवायचे आणि गठ्ठा रस्त्यापलीकडे बाईंकडे द्यायचा. बाईंनी हाताने काजं करायची, बटणं लावायची आणि गठ्ठा परत पाठवायचा. मास्तरांचे केस काळे होते तेव्हापासून हे असंच चालू होतं.

"गेली नजर," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

बाहेरून ट्रक गेला. टेबलावरच्या डबीतल्या टाचण्या थरथरल्या. त्या थांबतायत न थांबतायत तोच दुसरा गेला.

हा रस्ता पूर्वी रस्ता म्हणायच्या लायकीचाही नव्हता. नुसते खड्डे. त्यासाठी लोकांनी अर्ज केले, हेलपाटे घातले, चपला झिजवल्या. खात्याचं उत्तर ठरलेलं असायचं: पैसा नाही. मग गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर कंपनीचं गोदाम उभं राहिलं, आणि काय सांगावं, खात्याला एकदम पैसा सापडला! नुसता सापडला नाही, उतू गेला. सहा पदरी रस्ता झाला. मधोमध उंच लोखंडी कुंपण आलं, आणि ते मास्तरांच्या दुकानासमोरून थेट कंपनीच्या फाटकापर्यंत कुठेही न तुटता गेलं. कोपऱ्यावर पाटी लागली, 'जनतेच्या निधीतून, जनतेसाठी'. उद्घाटनाची लाल फीत मास्तरांनीच दुमडून शिवून दिली होती, आणि तीही फुकट. त्या दिवशी त्यांना किती आनंद झाला होता! आता धूळ बसेल, ग्राहक येतील, बाईंच्या दारात चिखल साचणार नाही.

धूळ बसली, हे खरं. ग्राहक मात्र येईनात, कारण गाडी उभी करायला जागा नाही. आणि बाई पलीकडे राहिल्या.

पलीकडे जायचं तर कंपनीच्या फाटकापर्यंत जाऊन तिथला पूल चढायचा, उतरायचा आणि तेवढंच उलट चालत यायचं. मास्तर एकदा गेले होते. पूल कंपनीच्या आवारात उतरत होता. तिथल्या पहारेकऱ्याने विचारलं, "कुणाकडे? काय काम?" मास्तरांना एकदम काही सुचेना. बाईंकडे, काजांचं विचारायला, असं सांगायला तोंड उघडलं आणि लाजच वाटली. त्या दिवशी बाईंकडे चहा झाला, "येतो पुढच्या रविवारी" असंही झालं. पण पुढच्या रविवारी गुडघा दुखत होता, त्याच्या पुढच्या रविवारी ऊन होतं, आणि मग रविवार नुसते येत गेले.

खरं सांगायचं तर गुडघा हे निमित्तच. पूर्वी रस्ता ओलांडायला कधी कारण लागलं नव्हतं. हातात एखादा शर्ट घ्यायचा, चार पावलं टाकायची आणि बाईंच्या उंबऱ्यावरूनच सुरू करायचं:

"बाई, हे काज आहे की खिडकी?"

"तुमचं बटण बारीक आहे मास्तर, माझ्या काजाला नावं ठेवू नका."

"अहो, यातून माझा अंगठा जातो!"

"मग अंगठाच लावा बटणाच्या जागी. बसा, चहा टाकते."

मास्तरांची बायको होती तेव्हा तीही या भांडणाला हसायची. बाईंचे यजमान होते तेव्हा ते पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "मास्तर, आज कोण जिंकलं?" ती दोघं गेली. भांडण तेवढं उरलं होतं. आता त्याच्यासाठी एवढा वळसा घालून जायचं म्हणजे लोकांना, पहारेकऱ्याला आणि स्वतःलाही उत्तर द्यावं लागणार. तेच मास्तरांच्या जिवावर यायचं. फोन होता. पण फोनवर कोणी भांडतं का?

गठ्ठे नेण्या-आणण्याचं काम आता बाईंच्या सुनेकडे होतं. ती त्याच गोदामात खोकी बांधायला जायची. कंपनीची बस दोन्ही बाजूंची माणसं उचलत फिरायची, ती मास्तरांच्या दारात पळभर थांबली की सून उतरून गठ्ठा द्यायची, दुसरा घ्यायची आणि ड्रायव्हर ओरडायच्या आत पुन्हा चढायची.

उजव्या पट्टीचा तो शर्ट मास्तरांनी बाजूला ठेवला. काज चुकलं तर उसवून भागत नाही. तिथे कापडच चिरलेलं असतं, अख्खी पट्टी बदलावी लागते. त्यांनी उरलेलं कापड शोधलं, नवी पट्टी लावली आणि काजं स्वतः करायला घेतली. सुई बोटात घुसली, दोरा गुंतला. झालेली काजं जांभया दिल्यासारखी दिसत होती. पण ग्राहक काही बोलला नाही, आणि मास्तरांनीही बाईंना काही कळवलं नाही. कळवायचं तरी काय? तुमची नजर गेली, म्हणून? ज्या बाईचा सगळा ताठा त्या सुईच्या टोकावर होता, तिला?

पुढच्या गठ्ठ्यात आणखी एक निघाला. त्याच्या पुढच्यात दोन.

"बाईंचे डोळे कसे आहेत गं?" बस थांबलेली असताना मास्तरांनी सुनेला विचारलं.

"ठीक आहेत की. का हो काका?"

"नाही, सहज. त्यांना सांग, काम एक नंबर. नेहमीसारखं."

सांगितलं आणि मास्तरांना बरं वाटलं. कुणाचं मन न दुखवता आपण चूक पोटात घातली, असं वाटलं. रात्री जेवताना मात्र दुसरीच काळजी सुरू झाली. उद्या बाईंना सुईत दोरा ओवता येणार नाही, गठ्ठे बंद होतील, आणि मग आपल्या दारात कोण थांबेल? भिंतींशी बोलायची सवय त्यांना लागलीच होती. आता भिंतींनी उत्तर द्यायचं तेवढं बाकी होतं.

एकदा रस्तेखात्याचे साहेब पँट सैल करून घ्यायला आले. जुने ग्राहक. मास्तरांनी कमरेला टेप लावला आणि विचारलं, "साहेब, त्या कुंपणाला इथे एक फट ठेवली असती तर काय बिघडलं असतं?"

"फट ठेवली की सिग्नल आला, मास्तर. सिग्नल आला की ट्रक थांबले. आणि ट्रक थांबणार नाहीत, असं आपण कंपनीला लिहून दिलंय."

"आपण म्हणजे?"

"आपण म्हणजे सरकार. म्हणजे तुम्ही-आम्हीच की!"

"मी नाही बुवा काही लिहून दिलं."

साहेब हसले. "पोट आत घेऊ की सोडू?"

"सोडा. ज्याचं वाढलंय त्यालाच जागा द्यायची, असंच चाललंय सध्या."

साहेब पुन्हा हसले, पण जरा कमी.

त्यानंतरच्या आठवड्यात सून आली, आणि बसने नाही, स्कूटरवरून. सुट्टीचा दिवस होता. गठ्ठा टेबलावर ठेवून ती स्टुलावर बसली. ती कधी बसत नसे. मास्तरांनी गाठ सोडली, पहिला शर्ट उलगडला, मग दुसरा, मग घाईघाईने सगळे. सगळी काजं डावीकडे. टाका असा की जणू कापडातच उगवलाय. निळ्या शर्टावर तर बोट फिरवत राहावंसं वाटत होतं.

"बघ!" मास्तर लहान पोरासारखे खूश झाले. "झालं ना ऑपरेशन? मला वाटलंच होतं. कधी केलं?"

"कसलं ऑपरेशन?"

"डोळ्यांचं गं. मी बोललो नाही, पण मध्यंतरी बाईंच्या हातून काजं उजवीकडे पडत होती. मी पट्ट्या बदलल्या. म्हटलं, कशाला दुखवा."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काका, आईंचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मग?"

"मुद्दाम केली होती ती त्यांनी. पहिला शर्ट दिला तेव्हा मला म्हणाल्या, बघच आता, मास्तर असतील तिथून पळत येतात का नाही भांडायला. दुपारी दोन कप काढून ठेवले. मी म्हटलं, आई, एवढ्या लांबून? तर म्हणाल्या, या चुकीसाठी तो माणूस कुंपणावरून उडी मारेल."

 हातातला शर्ट मास्तरांनी घडी नसलेल्या जागी मुडपला, पुन्हा सरळ केला.

"तुम्ही आला नाहीत, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा एक केला, मग दोन. तर तुम्ही निरोप पाठवलात, काम एक नंबर.  संध्याकाळी म्हणाल्या, मास्तर आता गठ्ठा सोडूनसुद्धा बघत नाहीत वाटतं.  मग दोन." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला काय माहीत काका, तुम्ही पट्ट्या बदलत बसला होतात ते."

"आणि आता?"

"परवा नणंदबाईंकडे गेल्या. त्यांच्या गावी. कायमच्या. इथे रात्रभर भिंती हादरतात, दिवसभर कुणी येत-जात नाही, काय करू म्हणाल्या इथे बसून. हा गठ्ठा पुरा करून गेल्या. मास्तरांना सांग म्हणाल्या, आता तक्रारीला जागा ठेवली नाही."

एकामागोमाग तीन ट्रक गेले. टाचण्यांची डबी सरकत टेबलाच्या कडेला आली, तशी मास्तरांनी ती हाताने मागे ढकलली.  तोंडात मारल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्यांना या वयात कळत होतं. बाईने हाक मारली होती, एकदा नाही, चारदा, आणि आपण ती हाक उसवून, वर नवी पट्टी लावून, इस्त्री करून ग्राहकाला दिली.

"फोन लाव," ते म्हणाले.

"आत्ता?"

"लाव म्हणतो ना!"

सुनेने फोन लावला. "आई, मास्तरकाका बोलतायत," एवढं सांगून तो त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी दुसऱ्या हातात निळा शर्ट घेतला. घसा साफ केला. पलीकडे कुणाच्या तरी घरातला भांड्यांचा आवाज येत होता.

"बाई," मास्तर म्हणाले, आणि आवाज चढवला, "हा निळा शर्ट! हे काज आहे की काय आहे?"

सुनेने वाकून निळ्या शर्टाकडे पाहिलं. त्यात काही म्हणजे काही चुकलेलं नव्हतं.

"काय?" बाईंचा आवाज आला. "काय म्हणालात?"

"काज! काज चुकलंय म्हणतो! असलं काम मी ग्राहकाला देणार नाही! दाखवायला घेऊन येतो मी, पत्ता..."

"ऐकू येत नाही हो मास्तर. नुसता गाड्यांचा आवाज येतोय."

मास्तर दुकानाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले. दुकान ते केवढं! तिथे टेकून उभे राहिले आणि दुसरा कान शर्टाने दाबून धरला. "चुकलंय म्हणतो!" ते ओरडले. "तुमचं चुकलंय! नाही... माझं... बाई, ऐकताय ना?"

"गाड्या जाऊ द्या आधी," बाई पलीकडून म्हणाल्या. "मग बोला. मी आहे."

"बरं," मास्तर म्हणाले.

ते फोन कानाशी धरून थांबले. सून दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत उभी राहिली. ट्रक जात होते.