हाती उरलेला वेळ

डॉक्टरबाईंनी ड्रिल ट्रेमध्ये ठेवलं आणि दाढ उपटायच्या पकडीसाठी हात पुढे केला. थिएटरच्या सिस्टर पकड देईनात.

"मॅडम, या दाढा भरायच्या होत्या ना?"

"होत्या. पण दुपारपासून थिएटर हाडांच्या सर्जनचं. ते दारात येऊन उभे राहिले, की त्यांना तुम्ही थोपवणार आहात का?"

आधीचं कुणाचं तरी ऑपरेशन लांबलं होतं आणि थिएटर हाती येईपर्यंत अर्धी सकाळ वाया गेली होती. टेबलावर पाच वर्षांचा मुलगा भुलीखाली गाढ झोपला होता. त्याच्या चार दाढा साफ करून भरायच्या, वर टोप्या बसवायच्या, तर सगळा वेळ त्यातच जाणार. उपटायला कितीसा वेळ लागतो? आणि वॉर्डात एक मुलगी ताटकळत होती. याआधी दोनदा तिला ऐनवेळी परत पाठवलं होतं. गाल सुजलेला, झोपेचं खोबरं झालेलं. दोन्ही वेळा तिची आजी चकार शब्द न काढता पिशवी उचलून निघून गेली होती. त्यापेक्षा म्हातारीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं बाईंना वाटलं होतं.

गरज पडली तर दाढा काढू, असं त्यांनी मुलाच्या आईला सांगून ठेवलं होतं. पण ही गरज त्याच्या दाढांची नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मन घट्ट करून त्यांनी पहिली दाढ धरली.

चारही निघाल्या. भूलतज्ज्ञ खूश झाले.

"चला, गाडी रुळावर आली! बोलवा दुसरीला."

सिस्टरनी वॉर्डात फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला.

"मॅडम, तिने आत्ताच दूध-बिस्किटं खाल्लीत."

"कुणी दिली?"

"वॉर्डाच्या सिस्टरनीच. आपण एवढ्या उशिरा सुरू केलं, म्हणजे आजही तिचा नंबर लागत नाही, असं धरून चालल्या त्या. दरवेळी आपला निरोप येईपर्यंत पोर उगाच उपाशी राहते. आज फारच रडत होती म्हणे."

भरल्या पोटी भूल देता येत नाही. आता संध्याकाळपर्यंत तिला हात लावायची सोय नव्हती. बाईंना कुणावर तरी तोंड टाकावंसं वाटलं, पण टाकणार कुणावर?

मुलाला बाहेर नेलं. मोठे दिवे तसेच जळत राहिले. हाडांचे सर्जन यायला भरपूर अवकाश होता. चार दाढा सावकाश भरून होतील, इतका.

बाहेर मुलाच्या उशाशी त्याची आई उभी होती. बाईंना पाहताच तिचा चेहरा खुलला.

"इतक्यात झालंसुद्धा? म्हणजे फारसं काही बिघडलेलं नव्हतं तर!"

बाईंनी मास्क खाली ओढला आणि जवळचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बसा जरा," त्या म्हणाल्या.