पंपवाल्यांनी विचारलं होतं

“म्हणजे लग्न झालेलं होतं. असंच ना?” साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि या वेळी उत्तरही आपणच देऊन टाकल्यासारखी मान हलवली.

टेलरबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. घर त्यांचंच, पण पाणीखात्याचे साहेब चौकशीला आल्यापासून त्या पाहुण्यासारख्या अवघडून गेल्या होत्या. पंपवाले जाऊन महिनाही झाला नव्हता. ते खात्याच्या पंपावर कामाला, म्हणून हे दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालेलं. नियम सरळ होता. कर्मचारी गेला तर त्याच्या बायकोला हयातभर इथं राहता येतं. बायको नसेल तर घर रिकामं करायचं.

“अगं, हो म्हण की!” वरच्या मजल्यावरच्या काकूंना राहवेना. त्या साक्षीदार म्हणून आल्या होत्या आणि कधी एकदा साक्ष देते असं त्यांना झालं होतं. “झालं होतं साहेब लग्न. मी स्वतः जेवून आलेय.”

“काकू,” टेलरबाई म्हणाल्या, “तुम्ही इथं राहायला आलात तेव्हा पंपवाल्यांना टक्कल पडलं होतं.”

“मग? टकल्यांची लग्नं होत नाहीत?”

साहेबांना हसू आवरेना. माणूस वाईट नव्हता. पेनाचं टोपण लावून त्यांनी अगदी घरच्यासारखं समजावलं. “हे बघा बाई, दाखला नसला तरी चालतं. इतकी वर्षं एका घरात राहिलात, शेजारी सांगतायत. तुम्ही फक्त हो म्हणायचं आणि सही करायची. सरकार काही तुमचं वैरी नाही. उलट असं कुणी उघड्यावर पडू नये म्हणूनच नातं मांडून ठेवायला सांगतं.”

“खरंय तुमचं,” टेलरबाई म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून पटलंही होतं. त्यांच्या शिवणाच्या दुकानामागे एक अंधारी खोली होती. कापडाचे तागे ठेवायची. ‘हो’ म्हटलं नाही तर या वयात तिथं जाऊन राहावं लागणार, हे त्यांना दिसत होतं. दुसरी कुणी असती तर केव्हाच हो म्हणून मोकळी झाली असती, आणि तिला कुणी नावंही ठेवली नसती.

कोवळ्या वयात टेलरबाईंचं एक लग्न झालं होतं. त्यात शिरायला एक सही पुरली, बाहेर पडायला मात्र सगळं तारुण्य गेलं. भरल्या कोर्टात परक्या पुरुषांनी त्यांना विचारलं, कोण कुठं झोपायचं, भांडण कशावरून, मूल का नाही. नवरा मारतो म्हणाल्या, तर न्यायाधीशांनी चष्मा पुसत सांगितलं, आणखी सहा महिने एकत्र राहून बघा, संसार असा मोडू नये. हुकूम तो हुकूम. त्या परत गेल्या. त्या सहा महिन्यांत त्यांचा समोरचा दात गेला. पुढं कधीतरी सुटका झाली, तेव्हा कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाच त्यांनी ठरवलं, आता आपल्या घरात सरकारला पाऊल टाकू द्यायचं नाही. नशिबानं राहायला मिळालं ते सरकारच्याच क्वार्टरमध्ये, आणि यावरून पंपवाले त्यांना जन्मभर चिडवत राहिले.

पंपवाले आधी गिऱ्हाईक म्हणून आले. खात्याचा गणवेश त्यांना कधीच बसायचा नाही. खांदे उतरलेले आणि पँट पायात लोळणारी. घरोबा झाला, पुढं ते एकत्र राहू लागले, तरी दरवर्षी नवा गणवेश आला की पंपवाले स्टुलावर उभे राहायचे आणि खाली बघत विचारायचे, “मग, यंदा करायचं का लग्न?” टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या असायच्या. त्या मानेनंच नाही म्हणायच्या. “बरं,” पंपवाले म्हणायचे, “मग बाही तेवढी आखूड कर.” रुसणं नाही, फुगणं नाही. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

एकदाच त्यांनी कारण विचारलं होतं.

“तू रोज घरी येतोस,” टेलरबाई म्हणाल्या होत्या, “ते कुणी बांधून घातलंय म्हणून नाही. दार तुला रोज उघडं आहे जायला, तरी येतोस. मला तेवढं पुरतं.”

“एवढंच ना? येत जाईन,” पंपवाले म्हणाले, आणि दवाखान्यात नेलं त्या दिवसापर्यंत येत राहिले.

“बाई?” साहेबांनी कागद पुढं सरकवला.

टेलरबाईंनी पदरानं चेहरा पुसला. “नाही साहेब. लग्न झालं नव्हतं.”

काकूंनी कपाळाला हात लावला.

“ते विचारायचे, मीच नाही म्हणायचे. एवढं मात्र नीट लिहा, की त्यांनी विचारलं होतं. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, त्यांनी बाई नुसती ठेवली होती. जिवंतपणी मी त्यांना हो म्हटलं नाही. आता ते गेल्यावर घरासाठी तुम्हाला हो म्हणू? मग त्यांचं रोजचं येणं कशात जमा होईल?”

“घर जाईल बाई,” साहेब हळूच म्हणाले.

“जाऊ दे. मला तेव्हा नको होतं ते मी आता कसं घेऊ?”

साहेबांनी टोपण काढलं आणि त्या म्हणाल्या तसंच लिहिलं. लिहिताना त्यांनी मान वर केली नाही.

घर सोडायच्या दिवशी काकू सकाळपासून रडत होत्या आणि मधूनमधून भांडतही होत्या. किल्ली घ्यायला एरवी शिपाई पाठवतात, पण साहेब स्वतः आले. सामान फारसं नव्हतंच. एक शिलाई मशीन तेवढं जड. ते खाली कसं न्यायचं या विचारात टेलरबाई दारात उभ्या होत्या, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पंपावरची मंडळी पाळी संपवून तशीच आली होती, तेलकट हातांनी. इतकी वर्षं हे सगळे त्यांना टेलरबाईच म्हणत आले होते. फोरमननं हात विजारीला पुसले.

“सरका वहिनी,” तो म्हणाला. “मशीन आम्ही उचलतो.”

“सांभाळून, वहिनी,” मागून दुसरा म्हणाला. “आधी आम्हाला उतरू द्या.”

साहेबांनी ऐकलं आणि ते जिन्याच्या खिडकीबाहेर बघू लागले. टेलरबाईंनी कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि काही ऐकलंच नाही अशा थाटात जिना उतरायला लागल्या. वळणावर मात्र त्यांना कठडा धरून थांबावं लागलं. पुढची पायरी दिसेना.