सादिलवारची बाई

सरकारी कचेरीत सादिलवार नावाचं एक खातं असतं. आधी ठरवता येत नाही असा, अचानक उपटलेला किरकोळ खर्च त्यात टाकायचा. फुटलेली काच, संपलेली शाई, केरसुणी, फिनेल, टाचण्या. आमच्या कचेरीत टाचण्यांच्या खाली एक बाई होती. मनकर्णा.

कचेरी पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. खात्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची खाती रुसतील, की आमच्याकडंही हेच चालतं, मग आमचं नाव का नाही. मनकर्णामावशी तिथं अकरा वर्षं पाणी भरत होती, महिना अठरा रुपयांवर. म्हणजे अकरा वर्षं अचानक. रोज सकाळी सातच्या ठोक्याला अचानक.

मी तिथं हजेरी कारकून. बहात्तर साली पाऊस गेला, खडी फोडायची दुष्काळी कामं निघाली, आणि मजुरांच्या हजेऱ्या घ्यायला माझ्यासारखे सातवी पास एकोणतीस दिवसांच्या हुकमावर भरले. तिसाव्या दिवशी घरी, एकतिसाव्या दिवशी परत. सलग ठेवला तर माणूस हक्क मागेल, ही सरकारला धास्ती. माझ्याबरोबर श्रीमंत होता, नगरला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालेला. पगार दोघांना एकच. ज्ञानाची किंमत सरकारनं तेवढी बरोबर केली होती.

त्र्याहत्तरच्या मार्चात वरून कागद आला. सादिलवारावर सलग दहा वर्षं काम केलेल्यांना शिपाई वर्गात कायम करायचं, नावं एप्रिलअखेर पाठवायची, नंतर विचार होणार नाही. मी तो मावशीला वाचून दाखवला. तिनं परत वाचायला लावला. तिचे गुडघे गेले होते आणि पोरगा म्हणत होता, दिवाळीनंतर आमच्याबरोबर ऊसतोडीला चल, इथं अठरा रुपयांत काय ठेवलंय. कायम झाली तर कोयता चुकणार होता. नाही झाली तर त्या गुडघ्यांनिशी प्रवरेच्या फडात वाकायचं.

ती बड्या कारकुनाकडं गेली. रंगनाथराव त्यांचं नाव, सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी रजिस्टर काढलं, चष्मा पुसला आणि सांगितलं की तुझी दहा वर्षं भरत नाहीत. साडेतीन भरतात. तीही तुटक.

झालं होतं असं. दहा वर्षांमागं पहिल्याच तपासणीत एका ऑडिटरनं शेरा मारला होता की एकच नाव दर महिन्याला येतं, तेव्हा हा खर्च अचानक कसा? आता सरळ माणूस काय करेल? बाईची रीतसर जागा मागेल. पण जागा मागायला वर लिहावं लागतं, आणि वर लिहिलं की वरून प्रश्न येतात. भाऊसाहेबांनी त्यापेक्षा मावशीलाच तिच्या घरातल्या बायकांची नावं विचारली. तिला वाटलं, रेशनचं काही असेल. तिनं भाबडेपणानं सांगितली: जाऊ गोजरबाई, नणंद बनुबाई, सासू भागूबाई. झालं. जानेवारीत पाणी मनकर्णानं भरलं, फेब्रुवारीत गोजरबाईनं, मार्चात बनुबाईनं, एप्रिलमध्ये भागूबाईनं, मेमध्ये परत मनकर्णानं. डोक्यावर हंडा एकीच्याच, अंगठाही एकीचाच. भागूबाई तर सहा वर्षांमागं वारली होती. तरी दर चौथ्या महिन्याला पाण्याला येत होती. सरकारी चाकरी मेल्यावरही सुटत नाही ती अशी.

मावशी कडुनिंबाखाली येऊन बसली. कुठला महिना कुणाच्या नावावर, ते मी तिला रजिस्टरातलं सांगितलं. मी भाऊसाहेबांना चार शिव्या घातल्या, अर्थात ते ऐकत नाहीत एवढ्या अंतरावरून. श्रीमंतला मात्र विषय आवडला. तो समजावू लागला की जगात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, ज्या असल्याच पाहिजेत, त्या नसत्या तर काहीच नसतं. दुसऱ्या, ज्या आहेत खऱ्या, पण नसत्या तरी जगाचं काही अडलं नसतं. तू, मी, हा कडुनिंब, आपण सगळे दुसऱ्या प्रकारातले.

मावशीनं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आन् मी नसले तर कचेरीचं अडत न्हाई, आसं कागुद म्हन्तो?"

"कागद तसंच म्हणतो."

"मंग बघू की, अडतंय का."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑडिटर आले. भाऊसाहेबांनी आदल्या दिवशीच मावशीला हुकूम दिला होता की माठ काठोकाठ भर, वाळ्याचा पडदा दर तासाला भिजव आणि साहेबांसमोर तोंड उघडू नको. गावच्या विहिरींचे तळ दिसत होते. टँकर फाट्यावर यायचा, मैलभर लांब, आणि त्याच्या रांगेत पहाटेपासून हंडे लागायचे.

मावशी सातला आली. रिकामा हंडा पालथा घातला आणि त्यावर बसली.

दहाला चहाची वेळ झाली, चहा झाला नाही. अकराला पडदा वाळून खडखडू लागला. साडेबाराला साहेबांना जेवण वाढलं: बाजरीची भाकरी आणि भाऊसाहेबांच्या घरचा ठेचा. दुसऱ्या घासाला साहेबांचे कान लाल झाले आणि त्यांनी हात पुढं केला. तांब्या रिकामा. माठ रिकामा.

भाऊसाहेब दारात येऊन ओरडले, "मनकर्णे, पाणी कुठंय?"

"ह्यो म्हैना माजा न्हाई, भावसायेब. भागूबाईचा हाय. रजिष्टर बघा."

साहेब उचक्या देत बाहेर आले आणि भागूबाईला बोलवा म्हणाले. मावशीनं पदर सावरून ओढ्यापलीकडं बोट केलं. तिकडं मसणवटा होता.

साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि उचक्या देतच पानं उलटली. मावशीच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना, आडवा वण होता. चार बायका, अकरा वर्षं, सगळीकडं तोच वण. भाऊसाहेबांना घाम फुटला. त्या दिवशी कचेरीत पाणी म्हणावं असं तेवढंच होतं. ते म्हणाले, एका घरच्या बायका, साहेब, एकाच विळ्यानं कापलं असेल, असं होऊ शकतं.

"होऊ शकतं," श्रीमंत पुटपुटला, "पण झालंच पाहिजे असं नाही." मी त्याचा पाय दाबला.

साहेब भाऊसाहेबांना म्हणाले, "आधी पाणी आणा. तुम्ही स्वतः."

भाऊसाहेब धोतर खोचून हंडा घेऊन फाट्याला गेले. रांगेतल्या बायकांनी त्यांना शेवटी उभं केलं आणि विचारलं, भावसायेब, तुमी कोन्त्या म्हैन्याचे? तीन तासांनी ते अर्धा हंडा घेऊन आले. उरलेला अर्धा त्यांच्या सदऱ्यावर होता.

साहेब एका दमात दोन तांबे प्यायले. मग लिहिलं: सदर काम अचानक उद्भवणारे नाही, एक दिवस न झाल्यास कार्यालय बंद पडते, ही स्वतः खात्री केली. खाली भाऊसाहेबांकडून लिहून घेतलं की चारही नावं एकाच बाईची, बदल कचेरीनं स्वतःच्या सोयीसाठी केले, बाईचा दोष नाही. भाऊसाहेबांची सही वाकडीतिकडी आली. भीतीनं की हंड्यानं, कोण जाणे. एक वेतनवाढ थांबली त्यांची. थांबायला हवी होती दहा, पण साहेबही सरकारचेच.

कागद वेळेत गेला. जूनमध्ये पाऊस झाला, कामं बंद झाली, श्रीमंतचा पुढचा एकोणतीस दिवसांचा हुकूम आलाच नाही. त्याच्याविना जगाचं काही अडलं नाही. तो स्वतःच तसं म्हणत एसटीत बसला. मला भाऊसाहेबांनी जावक लिहायला ठेवून घेतलं, सादिलवारात.

पोळ्याच्या आधी हुकूम आला. मनकर्णा कायम. मी तो तिला तीनदा वाचून दाखवला. पगार, रविवार, रजा. रजेपाशी तिनं मला थांबवलं.

"मंजी येक दिस आलं न्हाई तरी पगार?"

"व्हय."

"मंग ल्ही उंद्याची."

मी अर्ज लिहायला घेतला आणि कारण विचारलं. ती म्हणाली, कारण काय न्हाई, गुडघं लांब करून बसायचं हाय. मी तसंच लिहिलं. भाऊसाहेबांनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं, फाट्याच्या रस्त्याकडं पाहिलं आणि सही केली.